स्पेक्ट्रम ॲनालायझरवर डिटेक्टर बदलला की आकडा का बदलतो आणि मग धरायचा कुठला

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचे आकडे कुठून आले ते बाकीच्यांनाही कळेल. तुमच्या बोर्डवर २५ मेगाहर्ट्झचं क्लॉक आहे, एक स्विचिंग कन्व्हर्टर आहे, आणि तुम्ही स्पेक्ट्रम ॲनालायझरवर (कुठल्या फ्रीक्वेन्सीला किती पॉवर आहे ते दाखवणारं मशीन) ० ते १ गिगाहर्ट्झ स्पॅन, म्हणजे फ्रीक्वेन्सीचा पट्टा, लावून बघताय. आरबीडब्ल्यू (सिग्नल ज्या अरुंद फिल्टरमधून बघतो त्याची रुंदी) १०० किलोहर्ट्झ, ट्रेसवर, म्हणजे पडद्यावरच्या रेषेवर, १००१ पॉइंट, स्वीप टाइम (स्पॅनची एक फेरी पूर्ण करायला लागणारा वेळ) २५० मिलिसेकंद. पॉझिटिव्ह पीक डिटेक्टर लावला की नॉईज फ्लोअर (सिग्नल नसतानाही दिसणारी गोंगाटाची पातळी) -८२ डीबीएम (१ मिलीवॉटच्या तुलनेत डेसिबलमधली पॉवर) दिसतो, आरएमएस ॲव्हरेज लावलं की -८८, आणि सॅम्पल डिटेक्टर ठेवून व्हीबीडब्ल्यू (रीडिंग गुळगुळीत करणाऱ्या व्हिडिओ फिल्टरची रुंदी) अगदी कमी केली की -९०.५. शिवाय ५०० मेगाहर्ट्झला जो स्पर (नको असलेला बारीक सिग्नल) आहे तो पीकमध्ये -६० दिसतो, ॲव्हरेजमध्ये -७०, आणि सॅम्पलमध्ये सेंटर फ्रीक्वेन्सी जरा सरकवली की कधी असतो कधी नसतो. तुम्ही विचारताय की यातलं खरं कुठलं, मशीन बिघडलंय का, आणि कायमचा कुठला डिटेक्टर लावून ठेवू.

मशीन अगदी ठणठणीत आहे. तुमचे सगळे आकडे एकमेकांशी इतके छान जुळतात की मी ते शिकवायला वापरीन. प्रत्येक आकडा वेगळ्या प्रश्नाचं बरोबर उत्तर आहे. गडबड होते ती यामुळे की आपण डिटेक्टरला चित्राचा दर्जा ठरवणारं सेटिंग समजतो, ब्राइटनेस किंवा कॉन्ट्रास्टसारखं, आणि जो सुबक दिसेल तो ठेवतो. पण डिटेक्टर ठरवतो की पडद्यावरच्या एका ठिपक्यात जी शेकडो रीडिंग कोंबलीयेत त्यातलं कुठलं तुम्हाला दाखवायचं. त्यामुळे कायमचा असा डिटेक्टर नसतो, काय मोजायचंय ते आधी ठरवावं लागतं. आणि हो, मेनूतली नावं आणि ऑटोमध्ये मशीन काय निवडतं हे प्रत्येक मॉडेलमध्ये थोडं वेगळं असतं, तेवढं तुमच्या मशीनवर तपासून घ्या.

एका ठिपक्यामागे काय चाललंय ते आधी बघू. १ गिगाहर्ट्झ स्पॅन आणि १००१ पॉइंट, म्हणजे एका पॉइंटच्या वाट्याला १ मेगाहर्ट्झ येतो. याला बकेट म्हणतात. २५० मिलिसेकंदांत सगळा स्वीप, म्हणजे एका बकेटमधून जायला पाव मिलिसेकंद. तेवढ्या वेळात १०० किलोहर्ट्झचा फिल्टर त्या १ मेगाहर्ट्झवरून सरकत जातो आणि आतलं हार्डवेअर सतत रीडिंग घेत असतं. पडद्यावर मात्र एकच ठिपका टाकता येतो. वर्षभराच्या तापमानाचा आलेख काढताना रोजचा एकच आकडा घ्यायचा झाला तर दिवसातलं कमाल घेणार, किमान घेणार, सरासरी घेणार की बरोबर दुपारी बाराचं रीडिंग घेणार? चारही आलेख खरे, पण आकार वेगळे. पॉझिटिव्ह पीक, निगेटिव्ह पीक, ॲव्हरेज आणि सॅम्पल हे अनुक्रमे तेच चार पर्याय आहेत.

नॉर्मल नावाचा अजून एक डिटेक्टर असतो, काही कंपन्यांच्या मशीनवर त्याला ऑटो पीक म्हणतात. तो बकेटमधलं कमाल आणि किमान दोन्ही दाखवायचा प्रयत्न करतो, म्हणून नॉईज जाड पट्ट्यासारखा दिसतो आणि सिग्नल टोकदार. नजर टाकायला चांगला आहे, पण त्या पट्ट्यावर मार्कर (ट्रेसवरच्या एका जागेचा आकडा दाखवणारी खूण) ठेवून नॉईजचा आकडा लिहू नका, मार्कर वरच्या टोकावर बसलाय की खालच्या ते तुमच्या हातात नसतं.

आता तुमचा स्पर. सॅम्पलमध्ये तो का हरवतो हे सोपं आहे. सॅम्पल डिटेक्टर १ मेगाहर्ट्झच्या बकेटमधलं ठरलेल्या एका जागेचं रीडिंग उचलतो. तुमचा स्पर स्थिर आहे असं धरलं तर पडद्यावर त्याचा आकार म्हणजे खरं तर आरबीडब्ल्यू फिल्टरचाच आकार, ३ डीबी खाली (जिथे पॉवर निम्मी होते) १०० किलोहर्ट्झ रुंद, आणि नॉईजमध्ये बुडेपर्यंत साधारण ३०० किलोहर्ट्झ. म्हणजे बकेटचा दोन तृतीयांश भाग असा आहे की तिथलं रीडिंग उचललं तर स्पर दिसतच नाही, आणि उरलेल्या भागातही बहुतेक ठिकाणी तो खऱ्यापेक्षा लहान दिसतो. सेंटर फ्रीक्वेन्सी सरकवली की बकेटची जागा सरकते, म्हणून तुम्हाला तो कधी आहे कधी नाही असा वाटला. तो बोर्डवर कायम होता. स्पर शोधायचे असतील आणि स्पॅन मोठा असेल तर सॅम्पल वापरूच नये.

ॲव्हरेजमध्ये तो -७० का झाला, यात जास्त लोक फसतात, कारण आपल्या डोक्यात असतं की स्थिर सिग्नलचं पीक आणि ॲव्हरेज सारखंच असायला पाहिजे. बरोबर आहे, पण तो सिग्नल बकेटभर असेल तर. इथे १ मेगाहर्ट्झच्या बकेटमधल्या जेमतेम १०० किलोहर्ट्झवर सिग्नल आहे आणि बाकी ९०० किलोहर्ट्झ जवळजवळ रिकामे. आरएमएस डिटेक्टर सगळ्या रीडिंगच्या पॉवरची सरासरी काढतो, दहात एक भाग भरलेला, म्हणून पॉवर दहावा हिस्सा, म्हणून १० डीबी कमी. तुमचा आकडा अगदी तेवढाच आलाय. सिग्नल नेमका दोन बकेटच्या सीमेवर पडला तर तो दोघांत वाटला जाऊन अजून ३ डीबीपर्यंत खाली दिसेल. यावर इलाज दोन आहेत, स्पॅन कमी करा किंवा पॉइंट वाढवा. मी असा हिशोब धरतो की पॉइंटची संख्या स्पॅन भागिले आरबीडब्ल्यू याच्या निदान दुप्पट पाहिजे. तुमच्या सेटिंगला ते २०,००० पॉइंट होतात, मशीनला तेवढे जमत नसतील तर स्पॅन तुकड्यांत बघा. १००१ पॉइंट तसेच ठेवायचे असतील तर १०० किलोहर्ट्झ आरबीडब्ल्यूला ५० मेगाहर्ट्झ स्पॅन ही हद्द समजा. हे पाळलं की पीक आणि ॲव्हरेजमधला स्परचा फरक जवळपास मिटतो. जिथे मिटत नाही तिथे सिग्नलच काहीतरी सांगत असतो, त्याकडे शेवटी येतो.

नॉईजची गोष्ट मात्र वेगळी. नॉईज बकेटभर सारखाच असतो, त्यामुळे आरएमएस ॲव्हरेजचं -८८ हे खरंच त्या १०० किलोहर्ट्झमधल्या नॉईजची पॉवर आहे. ते १ हर्ट्झवर आणायचं तर ५० डीबी वजा करा, -१३८ डीबीएम प्रति हर्ट्झ. फिल्टरची नॉईज बँडविड्थ ३ डीबी बँडविड्थपेक्षा किंचित जास्त असते, त्याची पाव डीबीच्या आसपास दुरुस्ती असते, नॉईज मार्कर (१ हर्ट्झमधला नॉईज थेट दाखवणारा मार्कर) लावला तर ती मशीन स्वतः करतं. नॉईज मोजायचा असेल तर हाच रस्ता: आरएमएस ॲव्हरेज आणि नॉईज मार्कर.

-९०.५ कुठून आला? व्हीबीडब्ल्यू कमी केली की व्हिडिओ फिल्टर रीडिंग गुळगुळीत करतो, पण पडदा लॉग स्केलवर असल्यामुळे तो डीबीमधल्या आकड्यांची सरासरी काढतो, पॉवरची नाही. नॉईजची रीडिंग वर थोडीच जातात पण खाली खूप खोल जातात, आणि लॉगमध्ये ती खोल टोकं जास्त वजन खातात. गाउसियन, म्हणजे नेहमीच्या यादृच्छिक, नॉईजला हा फरक २.५१ डीबी येतो, दर वेळी तेवढाच. तुमच्या -८८ मधून २.५ वजा करा, -९०.५ आलं की नाही. म्हणून व्हीबीडब्ल्यू दाबून सुबक रेषा मिळवली आणि त्यावरून नॉईज सांगितला तर तुमचं मशीन किंवा ॲम्प्लिफायर आहे त्यापेक्षा अडीच डीबी चांगलं वाटेल. रेषीय व्होल्टेजची सरासरी घेणारा पर्याय असेल तर तिथे हाच फरक १.०५ डीबी असतो.

पण लॉग ॲव्हरेज, म्हणजे ही डीबीमधली सरासरी, टाकाऊ आहे असं समजू नका. स्थिर सिग्नल नॉईजच्या अगदी जवळ असेल तेव्हा तो फार कामाचा. सिग्नलची पॉवर आणि नॉईजची पॉवर सारखी असेल तर आरएमएस ॲव्हरेज दोघांची बेरीज दाखवणार, म्हणजे सिग्नल ३ डीबी जास्त वाटणार, तेच लॉग ॲव्हरेजमध्ये चूक साधारण १ डीबीच येते. बारीक स्पर मोजताना मी मुद्दाम लॉग ॲव्हरेज लावतो, अर्थात तेव्हा स्पॅन लहान ठेवून.

आता -८२. पॉझिटिव्ह पीक प्रत्येक बकेटमधलं सगळ्यात मोठं रीडिंग ठेवतो, आणि नॉईजमध्ये जितकी जास्त रीडिंग बघाल तितकं सगळ्यात मोठं रीडिंग वर जाणार. १०० किलोहर्ट्झ आरबीडब्ल्यूला पाव मिलिसेकंदात साधारण २५ स्वतंत्र रीडिंग मिळतात, आणि २५ पैकी सगळ्यात मोठं हे सरासरी पॉवरच्या वर साधारण ६ डीबी असतं. -८८ अधिक ६, तुमचं -८२. आता हे करून बघा, दुसरं काहीही न बदलता स्वीप टाइम १० सेकंद करा. एका बकेटला १० मिलिसेकंद मिळतील, हजार स्वतंत्र रीडिंग, आणि पीकचा फ्लोअर -७९ च्या आसपास चढेल, ॲव्हरेजचा मात्र -८८ लाच राहील, फक्त रेषा जास्त शांत होईल. यावरून कळतं की पीक डिटेक्टरवर वाचलेल्या नॉईज फ्लोअरला स्वीप टाइम सांगितल्याशिवाय काही अर्थच नाही. निगेटिव्ह पीकमध्ये हेच उलटं होतं आणि जास्त जोरात होतं, २५ रीडिंगमधलं सगळ्यात लहान हे सरासरीच्या १४ डीबी किंवा त्याहूनही खाली जातं.

आता ट्रेस मोड. क्लिअर राईट (दर स्वीपला नवी रेषा), मॅक्स होल्ड (आतापर्यंतचं कमाल धरून ठेवतो), मिन होल्ड (किमान धरून ठेवतो), ट्रेस ॲव्हरेज (स्वीपची सरासरी), व्ह्यू (रेषा आहे तशी गोठवतो). हे आणि डिटेक्टर दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि मेनूमध्ये शेजारी असल्यामुळे लोक त्यांची सरमिसळ करतात. क्रम असा: सिग्नल आधी आरबीडब्ल्यू फिल्टरमधून जातो, मग लॉग, मग व्हिडिओ फिल्टर, मग डिटेक्टर एका स्वीपमधल्या एका बकेटचा एक आकडा ठरवतो. त्यानंतर ट्रेस मोड येतो आणि तो वेगवेगळ्या स्वीपमधल्या त्याच पॉइंटच्या आकड्यांवर काम करतो. म्हणजे डिटेक्टर बकेटच्या आत, ट्रेस मोड स्वीप ते स्वीप. हा क्रम डोक्यात पक्का बसला की अर्धे प्रश्न आपोआप सुटतात. उदाहरणार्थ पॉझिटिव्ह पीक ठेवून १०० ट्रेसचं ॲव्हरेज लावलं तर काय मिळतं? पीकची सरासरी मिळते, रेषा मस्त गुळगुळीत, पण ती ना नॉईजची पॉवर ना खरा कमाल. दिसायला इतकी छान असते की कुणाला शंकाही येत नाही. तसंच व्हीबीडब्ल्यू डिटेक्टरच्या आधी येते, त्यामुळे पीक मोजताना ती आरबीडब्ल्यूच्या निदान तिप्पट ठेवा, नाहीतर पीक डिटेक्टरच्या हाती आधीच घासून गुळगुळीत झालेलं रीडिंग पडतं.

ट्रेस ॲव्हरेज लावताना अजून एक गोष्ट बघा, ॲव्हरेज टाइप. लॉग असेल तर पुन्हा ते अडीच डीबी आले, पॉवर किंवा आरएमएस असेल तर नाही. सॅम्पल डिटेक्टरच्या एका रीडिंगमध्ये नॉईज लॉग स्केलवर साधारण साडेपाच डीबीने वरखाली होत असतो, १०० ट्रेसची सरासरी घेतली की तो चढउतार दहावा हिस्सा होतो, अर्ध्या डीबीच्या आसपास. त्याहून शांत हवं असेल तर ट्रेस वाढवण्यापेक्षा मी आरएमएस डिटेक्टर लावून स्वीप टाइम वाढवतो, एकाच स्वीपमध्ये काम होतं आणि ॲव्हरेज टाइपची कटकट उरत नाही.

मॅक्स होल्डबद्दल सांगायचं म्हणजे तो चालू ठेवून चहाला गेलात आणि परत आलात तर नॉईज फ्लोअर वर गेलेला असणारच, त्याला बोर्ड जबाबदार नाही. दोन बोर्डांची तुलना मॅक्स होल्डवर करायची तर दोन्हीकडे सारखाच वेळ धरा.

ऑटोबद्दलही इथेच सांगून टाकतो, कारण नुकसान खरं तिथे होतं. बऱ्याच मशीनवर ॲव्हरेज चालू केलं की डिटेक्टर आपोआप सॅम्पल किंवा ॲव्हरेजवर जातो, मॅक्स होल्ड लावला की पीकवर. आमच्या लॅबमध्ये एकदा एका इंजिनियरने फिल्टर लावण्याआधीचा आणि नंतरचा असे दोन स्क्रीनशॉट आणले, दुसऱ्यात फ्लोअर ८ डीबी खाली, सगळे खूश. खालच्या पट्टीत बारीक अक्षरात बघितलं तर पहिला पीक होता आणि दुसऱ्यात ॲव्हरेज चालू केल्यामुळे डिटेक्टर बदललेला. दोन्हीकडे आरएमएस लावून परत मोजलं तर फ्लोअर जागचा हलला नव्हता, आणि फिल्टरने जे दोन स्पर खरंच कमी केले होते ते त्या पहिल्या तुलनेत कुणाच्या लक्षातच आले नव्हते. म्हणून डिटेक्टर ऑटोवरून काढून हाताने लावा, आणि आकडा लिहिताना शेजारी डिटेक्टर, आरबीडब्ल्यू, व्हीबीडब्ल्यू, स्वीप टाइम आणि पॉइंट लिहा. मार्कर कुठल्या ट्रेसवर बसलाय तेही बघा, तीन रंगांचे ट्रेस चालू असताना मार्कर पहिल्याच ट्रेसवर राहिलेला असतो आणि आपण तिसरा वाचतोय असं समजतो.

आता माझी रोजची पद्धत सांगतो, आणि माझ्या मते तुम्हाला यातूनच सगळ्यात जास्त मिळेल. एक डिटेक्टर निवडायच्या भानगडीत मी पडत नाही, दोन ट्रेस एकाच वेळी लावतो, पहिल्यावर पॉझिटिव्ह पीक, दुसऱ्यावर आरएमएस ॲव्हरेज, दोन्ही क्लिअर राईट. आजकालच्या बहुतेक मशीनवर प्रत्येक ट्रेसला वेगळा डिटेक्टर देता येतो. मग मी आकडे बघायच्या आधी दोन रेषांमधलं अंतर बघतो. बकेट आरबीडब्ल्यूपेक्षा लहान ठेवली असेल तर ते अंतर सिग्नलची जात सांगतं. स्थिर कॅरियरवर (एकाच फ्रीक्वेन्सीचा सलग सिग्नल) दोन्ही रेषा एकमेकींना चिकटतात. नॉईजवर किंवा नॉईजसारख्या डिजिटल मॉड्युलेशनवर अंतर ६ ते १० डीबीच्या घरात राहतं आणि स्वीप हळू केला की हळूहळू वाढतं. आणि अंतर २०, ३० डीबी असेल तर तिथे पल्स आहेत, थोडा वेळ जोरात आणि बाकी वेळ शांत. हे बघायला एक मिनिटही लागत नाही आणि पुढचे तास वाचतात, कारण क्लॉकचा हार्मोनिक (मूळ फ्रीक्वेन्सीच्या पटीत येणारा सिग्नल), कन्व्हर्टरचा कचरा आणि एखाद्या रेडिओ मॉड्यूलचा बर्स्ट (थोडा वेळच चालणारा सिग्नल) यांचे उपाय पूर्ण वेगळे असतात.

नॉईजमध्ये किंवा पल्सच्या गर्दीत लपलेला स्थिर कॅरियर शोधायचा असेल तर तिसरा ट्रेस मिन होल्डवर टाका. पल्स प्रत्येक स्वीपला त्याच जागी नसतात, त्यामुळे मिन होल्डमध्ये त्या गळून जातात आणि जो कायम आहे तोच उभा राहतो. निगेटिव्ह पीक डिटेक्टरनेही हे होतं असं बऱ्याच ठिकाणी सांगतात, पण मोठ्या स्पॅनवर होत नाही, कारण बकेटचा रिकामा भागच किमान ठरतो आणि खरा कॅरियरही गायब होतो. तुमच्या १ मेगाहर्ट्झच्या बकेटवर करून बघा, ५०० चा स्पर दिसणार नाही. म्हणून मोठ्या स्पॅनवर पॉझिटिव्ह पीक डिटेक्टर ठेवून ट्रेस मिन होल्ड करा, लहान स्पॅनवर निगेटिव्ह पीक चालेल.

बर्स्ट किंवा पल्स पकडायच्या असतील तर पहिली सवय मॅक्स होल्ड लावून वेगाने स्वीप मारत राहायची असते. त्यानेही जमतं, पण वेळ लागतो आणि चित्र कधी पूर्ण झालं ते कळत नाही. मी उलटं करतो, पीक डिटेक्टर आणि एकच हळू स्वीप. हिशोब सोपा आहे, स्वीप टाइम हा पॉइंट गुणिले दोन पल्समधला काळ याच्यापेक्षा जास्त पाहिजे. पल्स दर १० मिलिसेकंदांनी येत असेल आणि पॉइंट १००१ असतील तर १० सेकंदांपेक्षा थोडा जास्त स्वीप, म्हणजे प्रत्येक बकेटला निदान एक पल्स मिळतेच आणि स्पेक्ट्रमचा आकार एका फेरीत पूर्ण उमटतो. पडद्यावर कंगव्यासारख्या रेषा दिसत असतील आणि त्या खऱ्या फ्रीक्वेन्सी आहेत की नुसत्या वेळेत आलेल्या पल्स अशी शंका असेल तर स्वीप टाइम बदला. रेषांमधलं अंतर बदललं तर त्या पल्स आहेत, नाही बदललं तर खऱ्या स्पेक्ट्रमच्या रेषा आहेत. आणि मॅक्स होल्डवरचा बर्स्टचा आकडा ही बर्स्ट चालू असतानाची पॉवर असते. दहात एक वेळ चालू असेल तर सरासरी पॉवर १० डीबी कमी, रिपोर्टमध्ये यातलं कुठलं मागितलंय ते बघून लिहा.

तुम्ही शेवटी विचारलं होतं की बोर्ड ईएमआय (विद्युतचुंबकीय हस्तक्षेप) टेस्टला पास होईल का. या सेटिंगवरून सांगता येणार नाही. तिथे डिटेक्टर आणि बँडविड्थ दोन्ही ठरलेल्या असतात. सिस्पर १६ (अशा मोजणीचं आंतरराष्ट्रीय मानक) प्रमाणे १५० किलोहर्ट्झ ते ३० मेगाहर्ट्झला ९ किलोहर्ट्झ आणि ३० मेगाहर्ट्झ ते १ गिगाहर्ट्झला १२० किलोहर्ट्झ, तीही ६ डीबीवर मोजलेली, तुमच्या ३ डीबीच्या १०० किलोहर्ट्झसारखी नाही. तिथे लागणारा क्वासी पीक डिटेक्टर पटकन चार्ज होतो आणि सावकाश डिस्चार्ज होतो. या दोन्ही बँडमध्ये चार्जचा टाइम कॉन्स्टंट १ मिलिसेकंद, डिस्चार्जचा खालच्या बँडला १६० आणि वरच्याला ५५० मिलिसेकंद. त्यामुळे वारंवार येणारी पल्स जास्त मोजली जाते आणि क्वचित येणारी कमी. आणि म्हणूनच तो भयंकर हळू असतो, प्रत्येक फ्रीक्वेन्सीवर सेकंदभर तरी थांबायला लागतं. पण पीकचा आकडा क्वासी पीकच्या खाली कधीच येत नाही. त्यामुळे आधी पीकने सगळं झाडून घ्या, प्रत्येक बकेटवर पुरेसा वेळ थांबून, आणि जे लिमिटच्या वर किंवा अगदी जवळ असेल तेवढ्याच फ्रीक्वेन्सींवर क्वासी पीक लावा. पीकमध्येच लिमिटच्या खाली असेल तर तिथे वेळ घालवायची गरज नाही.

चॅनल पॉवर (एका चॅनलच्या सगळ्या रुंदीतली एकूण पॉवर) मोजायची असेल तर आरएमएस डिटेक्टर, आरबीडब्ल्यू चॅनलच्या रुंदीच्या एकदोन टक्के, व्हीबीडब्ल्यू तिप्पट किंवा जास्त, आणि व्हीबीडब्ल्यू दाबून गुळगुळीत करायचं नाही. तुमच्या कामात सध्या त्याची गरज नाही म्हणून जास्त खोलात जात नाही.

तर आता तुमच्या ५०० मेगाहर्ट्झच्या स्परवर हे करा. सेंटर ५००, स्पॅन ५ मेगाहर्ट्झ, आरबीडब्ल्यू १० किलोहर्ट्झ, व्हीबीडब्ल्यू ३० किंवा १०० किलोहर्ट्झ, पॉइंट १००१ तसेच. बकेट आता ५ किलोहर्ट्झची झाली, म्हणजे आरबीडब्ल्यूच्या निम्मी. ट्रेस एकवर पॉझिटिव्ह पीक, दोनवर आरएमएस, आणि स्वीप टाइम १ सेकंद. दोन्ही रेषा स्परच्या टोकावर -६० ला चिकटल्या तर तो २५ मेगाहर्ट्झचा विसावा हार्मोनिक आहे, साधा स्थिर, आणि -६० हाच तुमचा आकडा. टोकं चिकटली नाहीत आणि स्पर सपाट माथ्याच्या ढिगासारखा मेगाहर्ट्झ-दोन मेगाहर्ट्झ रुंद दिसला तर क्लॉक जनरेटरमध्ये स्प्रेड स्पेक्ट्रम (क्लॉकची फ्रीक्वेन्सी मुद्दाम थोडी झुलवणं) चालू आहे का ते डेटाशीटमध्ये बघा, अर्धा टक्का स्प्रेड ५०० मेगाहर्ट्झला २.५ मेगाहर्ट्झ होतो आणि तो सहसा ३० किलोहर्ट्झच्या आसपासच्या वेगाने पुढेमागे झुलत असतो, त्यामुळे पीक आणि ॲव्हरेजमध्ये खरोखरचा फरक राहतो. आणि टोक बारीकच राहिलं पण दोन रेषांत अंतर असेल तर झिरो स्पॅनला जा (एकाच फ्रीक्वेन्सीवर थांबून सिग्नल वेळेप्रमाणे बघणं), आरबीडब्ल्यू १ मेगाहर्ट्झ करा, स्वीप टाइम १०० मायक्रोसेकंदांपासून वाढवत न्या आणि तो सिग्नल वेळेत कधी चालू कधी बंद होतोय ते बघा. दोन बर्स्टमधला काळ मोजलात की तो कन्व्हर्टरच्या लाइट लोड मोडच्या बर्स्टशी जुळतो की प्रोसेसरच्या झोपेतून उठण्याशी, हे तुम्हाला फर्मवेअर आणि स्कीमॅटिक शेजारी ठेवून ताडून बघता येईल.